अक्षयवटाखाली कारलं

हरनंदन पंडाजींचा आवाज पितृपक्षाच्या आठव्या दिवशी बसतो. दरवर्षी, न चुकता. नवव्या दिवसापासून ते गालात ज्येष्ठमधाची काडी धरून गयेला आलेल्या यजमानांना श्राद्धविधींचे अर्थ सांगतात, आणि अमावास्या येईस्तोवर त्यांच्या तोंडून शब्द निघतो की नुसती हवा, हे ऐकणाऱ्याच्या श्रद्धेवर असतं. माझं काही अडत नाही. अक्षयवटाच्या फाटकाला चिकटून माझी टपरी आहे. पत्रावळी, काळे तीळ, जवाचं पीठ आणि कुशाच्या जुड्या विकत मी इथे चाळीस वर्षं बसले आहे. पंडाजींचे अर्थ मला झोपेतून उठवून विचारलेत तरी सांगेन.

पूर्वी गयेला माणसं रडायला यायची, आता विचारायला येतात. जानवं उजव्या खांद्यावर का? पिंड जवाचाच का? तीळ काळेच का? एका हातात पिंड, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि पंडाजींच्या तोंडासमोर तो असा धरायचा की बिचाऱ्यांना खोकायचीही सोय नाही. पंडाजी सांगतात. "पितर दक्षिणेला असतात. त्यांच्याकडे वळायचं तर अंगावरचं सगळं फिरवायला हवं. नुसती मान वळवून भागत नाही."

यंदा सोलापूरकडचा एक तरुण इंजिनिअर हटूनच बसला. "ते ठीक आहे गुरुजी, पण यामागे वैज्ञानिक कारण काय?"

पंडाजींनी काडी या गालातून त्या गालात सरकवली. "तुझे वडील कुठे गेले, ते विज्ञानाला विचारलंस?"

"त्याचं उत्तर नसतं."

"माझ्याकडेही नाही. पण माझ्याकडे तीळ आहेत. घे."

पोरगा हसला, आणि हसता हसताच त्याला रडू फुटलं. त्याचं आवरेपर्यंत पंडाजी पत्रावळ हातात धरून उभे राहिले. चेहऱ्यावर दया नव्हती नि रागही नव्हता. मागे रांगेत अजून किती जण आहेत, एवढंच ते बघत होते.

सीतेची गोष्ट तर दिवसातून वीसदा. राम-लक्ष्मण श्राद्धाचं सामान आणायला गेले, इकडे दशरथाचा हात पुढे आला, आणि सीतेनं हाताशी होती ती वाळू उचलून तिचाच पिंड दिला. राम परतल्यावर साक्षीदार विचारले, तर फल्गू नदी खोटं बोलली, गाय खोटं बोलली, केतकी खोटं बोलली, गयेचा ब्राह्मणही खोटं बोलला. खरं बोललं ते एकटं हे वडाचं झाड. म्हणून नदी वाळूखाली गेली, ब्राह्मणाला कधीच पोट न भरण्याचा शाप मिळाला आणि वड अक्षय झाला. "तेव्हा यजमान, तुम्ही काहीही दिलंत तरी मी कुरकुर करणारच, माझा इलाज नाही," असं पंडाजी शेवटी जोडतात. लोक खो खो हसतात. सांगणाऱ्याचं हसू आटून किती वर्षं झाली, ते मलाच ठाऊक. मग ते म्हणतात, "एवढं ध्यानात ठेवा, या झाडाखाली खोटं बोलायचं नसतं."

आणि खोटं बोलायची वेळ लगेच पुढे येते. कारण सगळे पिंड देऊन झाले की वडाखाली गेलेल्या माणसाच्या नावानं आपलं आवडतं एक फळ किंवा भाजी जन्मभरासाठी सोडायची असते. नवरा सोडतो ते बायकोनंही सोडायचं. ते झालं की पंडा डोक्यावर हात ठेवून म्हणतो, "सुफल." म्हणजे केलेलं सगळं पोचलं. त्याआधी काही पोचत नाही.

आता माणसं काय सोडतात? कारलं! बंगाली असो, मारवाडी असो, आंध्रातला असो, शंभरातले साठ जण छातीठोकपणे कारलं सोडतात.

"कारलं आवडतं तुम्हाला?" पंडाजी विचारतात.

"हो... म्हणजे, तसं बऱ्यापैकी."

मागे उभी असलेली बायको पदरात तोंड खुपसते. मग पंडाजींचा बसलेला आवाजही चढतो. "कारलं सोडून बाप तरत असता तर इथे भाजीबाजार भरला असता! अहो, जे सोडलं की जीव चुटपुटेल ते सोडा. डोकं विसरतं, जीभ विसरत नाही. पुढ्यात आंबा येईल, तुम्ही हात मागे घ्याल, तेव्हा बाप आठवेल. एवढाच त्याचा अर्थ. बोला, आंबा?" माणूस खाली मान घालून आंबा सोडतो. या एका बाबतीत पंडाजींनी कधी कुणाला सूट दिली नाही. यजमान राजी झाले नाहीत तर त्यांना उन्हात बसवून ठेवलं, पण कारल्यावर कुणाला सुफल म्हटलं नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा, अनूप, याच झाडाखाली त्यांच्या हाताखाली काम करायचा. एकोणीस वर्षांचा होता, बापासारखाच उंच, आणि जिभेला हाड नाही. बारा वर्षांपूर्वी याच पंधरवड्यात एक यजमान कारल्यावर अडून बसला होता, पंडाजी त्याला फैलावर घेत होते, आणि मागून अनूप म्हणाला, "बाबा, साऱ्या जगाला सोडायला लावता. तुम्ही काय सोडलंत कधी?"

यजमान फिदीफिदी हसला. पंडाजींनी वळून सगळ्यांदेखत पोराच्या कानशिलात लगावली. आवाज माझ्या टपरीपर्यंत आला. अनूपच्या हातात तिळांची पत्रावळ होती. ती त्यानं खाली ठेवली, एकही तीळ न सांडता, आणि फाटकातून बाहेर आला. मी विचारलं, "कुठे रे?" म्हणाला, "येतो, चाची."

तो आलाच नाही. स्टेशनं झाली, इस्पितळं झाली, सुरतेला कुणी पाहिलं म्हणून सुरत झाली. पंडाजी दुसऱ्या वर्षीपासून मुलाचं नावच काढेनासे झाले. त्यांची बायको, आमची पंडाइन भौजी, मात्र पितृपक्षात स्वयंपाक करतानाही कान बाहेर ठेवून असते, कारण मेळ्यात हरवलेल्या माणसांची नावं भोंग्यावरून पुकारतात. भोंगा खरखरला की तिची पळी हातात थांबते. पाटण्याची चार वर्षांची मुलगी सापडली आहे, विदिशेचे म्हातारे बाबा चौकीत बसले आहेत. मग पळी पुन्हा चालू होते.

त्यांच्या अंगणात पेरूचं झाड आहे. अनूप लहानपणापासून त्याच्यावरच असायचा. कच्चा, पिकलेला, किडका, काही सोडायचा नाही. पेरूच्या दिवसांत भौजी रोज एक फळ देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवते. ते मऊ पडलं की गाईला घालते आणि दुसरं ठेवते. पंडाजींनाही जगात गोड लागणारी तेवढीच एक चीज उरली होती. सगळा दिवस बोलून घरी आले की त्या झाडाचा पेरू काळं मीठ लावून खायचे, न बोलता. कोनाड्याकडे बघायचे नाहीत.

यंदा बारा वर्षं भरली. ज्याची बारा वर्षं खबर नाही त्याचा कुशाचा पुतळा करून दहन करायचं, मग पिंड द्यायचे, असा नेम आहे. पंडाजींनी स्वतःच तिथी काढली. बाप मुलाला पिंड देत नाही, पण गयेत नावानं कुणीही कुणाला देऊ शकतो. बायकोला त्यांनी हे यजमानाला सांगावं तसं सांगितलं. "गुरू बारा वर्षांत बाराही राशी फिरून जागेवर येतो. तेवढ्या काळात जो परतला नाही, तो..."

भौजी तांदूळ निवडत होती. "गुरूला कुणी मारून बाहेर काढलेलं नसतं," ती म्हणाली. मग एक खडा वेचून टाकत, "करा, काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी तीळ घ्यायच्या निमित्तानं ती माझ्याकडे आली. पंडाच्या घरात तिळाला काय तोटा, तरी मी तिच्यापुढे तीळ ओतले.

"सुगिया, पुतळा जाळू देत. कुशाचा आहे, कुश जळेल. मला त्याचं काही नाही. पण वडाखाली ते पेरू सोडतील."

"सांगून बघा ना, भौजी."

"काय तोंडानं सांगू? साऱ्या दुनियेला त्यांनी हेच शिकवलं. त्यांनी कारलं म्हटलं तर लोक थुंकतील त्यांच्यावर. आणि एकदा सोडला की पेरू घरात ठेवायचा नाही, झाडही काढावं लागेल." तिनं तीळ उगाच बोटांनी चाळवले. "मग कोनाड्यात काय ठेवू गं मी?"

तीळ टपरीवरच विसरून ती गेली.

त्रयोदशीला, ऐन धंद्याच्या दिवसांत, मी टपरीवर फळी टाकून गेले. फल्गूच्या वाळूत पुतळा मांडला होता. कुशाचे हात, कुशाचे पाय, वर पळसाची पानं. आग लावली तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपलं. माणसाला जळायला किती वेळ लागतो आणि याला किती, असा वाईट विचार माझ्या मनात आला.

विधी सांगायला किशुनलाल पंडा होता. हा पंडाजींच्याच हाताखाली तयार झालेला. सवयीनं म्हणाला, "यजमान, जानवं उजव्या खांद्यावर घ्या. पितर दक्षिणेला असतात म्हणून..." आणि एकदम ओशाळून थांबला. पंडाजींनाच काय अर्थ सांगायचा!

"सांग," पंडाजी म्हणाले. आवाज तर बसलेलाच होता. "सगळं सांग. आजवर मला कुणी सांगितलेलं नाही."

मग किशुनलालनं सांगितलं. जव का, तीळ का, बारा वर्षं का. सीतेची गोष्टही सांगितली, पोट न भरणाऱ्या ब्राह्मणाची थट्टा तेवढी गाळून. पंडाजी खेड्यातून पहिल्यांदा आलेल्या माणसासारखे मान हलवत ऐकत राहिले. "अनूप" हे नाव मात्र पिंड ठेवताना त्यांना तीनदा घ्यावं लागलं, तेव्हा कुठे ते ऐकू आलं.

वडाखाली गर्दी होती. आजूबाजूचे पंडे आपापले यजमान सोडून मान वळवून उभे होते. सगळ्यांना पंडाजींचा नेम माहीत, अंगणातलं झाडही माहीत. भौजी नवऱ्याच्या मागे बसली होती, त्यांच्या उपरण्याचं टोक तिनं मुठीत धरलं होतं.

"काय सोडता?" किशुनलालनं विचारलं.

पंडाजींनी वर झाडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "कारलं."

किशुनलालला वाटलं, आपलं ऐकण्यात चुकलं. "काय म्हणालात?"

"कारलं!" या वेळी शब्द फाटका पण मोठा आला. मागचा एक पंडा हसला, आणि कुणीतरी त्याला कोपर मारलं असावं, कारण तो लगेच गप्प झाला.

किशुनलाल त्या घरी शंभरदा जेवला आहे. त्या घरात कारलं येत नाही. पंडाजींना नुसत्या वासानं मळमळतं, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक. तरी विचारायचं ते त्याला विचारावंच लागलं. "पंडाजी... आवडतं तुम्हाला?"

"फार," पंडाजी म्हणाले.

लांबवर भोंगा खरखरला, कुणाच्या तरी आईचं नाव पुकारून बंद पडला. किशुनलालनं डोळे पुसले आणि आपल्या गुरूच्या डोक्यावर हात ठेवला. "सुफल."

चाळीस वर्षं मी कारलं सोडणाऱ्यांना हसत आले. कंजूष, पळपुटे, जिभेचे गुलाम, काय काय म्हटलं. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली आणि मी सगळ्यांसमोर हमसाहमशी रडले. त्या साठ जणांतले किती असे असतील, आपलं माणूस संपलं हे जिभेलाही कळू न देणारे, देव जाणे. एवढं उघड खोटं त्या झाडाखाली मी आजवर ऐकलं नव्हतं. झाडानं ते ऐकून घेतलं.

ऊन उतरल्यावर भौजीचे राहिलेले तीळ द्यायला मी त्यांच्याकडे गेले. कोनाडा रिकामा होता. सकाळी तिनं आतला पेरू गाईला घातला होता, दुसरा ठेवायची हिंमत केली नव्हती. पंडाजी अंगणात आले. मला बघूनही न बघितल्यासारखं केलं. पडवीतलं स्टूल झाडाखाली नेलं, धोतर खोचलं आणि सत्तरीतला तो माणूस कण्हत कण्हत वर चढला. बारा वर्षांत त्या कोनाड्यासाठी त्यांनी पहिल्यांदा हात वर केला. फांदीच्या शेंड्याजवळचा एक पिवळाधमक पेरू त्यांनी धरला.

भौजी खाली दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी होती. "तो नको," ती म्हणाली. "फार पिकलाय. दोन-तीन दिवस टिकेल असा काढा."