कोंबड्याच्या पिसांचे मासे

संशय घेणं हा माझा धंदाच होता. गिरगावातल्या एका छापखान्यात मी प्रुफं तपासायचो. खिळे जुळवणाऱ्याने कुठेतरी माती खाल्लीच असणार असं धरून चालल्याशिवाय ते काम होत नाही. संध्याकाळी लालबागला परतलो की तीच नजर चाळीवर फिरायची. दूधवाल्याच्या मापात मी बोट बुडवून पाहायचो. बायको म्हणायची, "तुमच्या पत्रिकेत ग्रह नाहीत, नुसता फौजदार बसलाय."

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. चाळीच्या समितीत सत्याग्रहींच्या याद्या माझ्याकडे असायच्या, कारण माझं अक्षर बरं आणि तोंड बंद. अशातच एका सकाळी पोलीस आले आणि तालमीच्या माळ्यावर लपवलेली पत्रकं नेमकी उचलून घेऊन गेले. इकडे तिकडे शोधलंसुद्धा नाही, सरळ माळ्यावर चढले. ती जागा आम्हा सहा जणांना ठाऊक होती. पाच समितीचे, आणि सहावा माझा शेजारी, ज्याने ते गठ्ठे स्वतःच्या डोक्यावरून वर नेले होते.

हा शेजारी मालवणकडचा. जवळच्याच गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. बारा वर्षं आमची भिंत एक, त्याच्या घरच्या सुक्या बांगड्यांचा वाटा आमच्याकडे आणि आमची पुरणपोळी त्याच्याकडे. पण गेले दोन महिने त्याचं काहीतरी बिनसलं होतं. दर रविवारी धुतलेला सदरा घालून तो गिरणीच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर जाई, दुपारी काखेत पत्र्याचा डबा घेऊन परत येई आणि खोलीचं दार लावून घेई. चाळीत दिवसाढवळ्या दार लावतं कोण? एक तर नवविवाहित, नाहीतर ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही आहे तो. याच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती.

एका रविवारी काडेपेटीचं निमित्त करून मी त्याचं दार ठोठावलं. बराच वेळ खुडबुड झाली, मग दार बोटभर उघडलं. "लवकर आत ये, पिसां उडतत," तो म्हणाला. आत पाहतो तर जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर पांढऱ्या कोंबड्याची मानेची पिसं, बोकडाच्या शेपटीचे केस, रेशमाची रिळं, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, काळे मणी आणि कलई केलेले मोठे गळ. क्षणभर मला वाटलं, हा कोणावर तरी करणी करतोय.

"साहेबाक गरवूक जावचां आसा," तो म्हणाला, म्हणजे साहेबाला गळाने मासे धरायला जायचं होतं. कुठे, तर दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटांवर, उथळ निळ्या पाण्यात. साहेबाने विलायतेहून दोन डबे भरून खोट्या माश्या, म्हणजे गळावर बांधलेले पिसांचे किडे, आणल्या होत्या, पण त्या सगळ्या तिकडच्या थंड नद्यांसाठी. तपकिरी, नखाएवढ्या, बारीक गळाच्या. खाऱ्या पाण्यात ते गळ दोन दिवसांत गंजतील आणि मोठा मासा लागला तर सरळ होतील. म्हणून साहेब दर रविवारी डबे उघडून बसायचा आणि याला विचारायचा, ह्यातलं काय न्यावं? हा एकेक उचलून बाजूला टाकायचा. शेवटी साहेब वैतागून म्हणाला, मग तूच बनव.

त्याने एक बनवलेलं माझ्या तळहातावर ठेवलं. पांढरं पोट, वर हिरवट केस, मण्याचा डोळा. पाण्यात ओढलं तर बोईट माशाचं पिल्लू वाटावं असं. गळापासून वीतभर बारीक तार जोडली होती, सुरमईच्या दातांनी दोरी तुटू नये म्हणून. "वरचो रंग साहेबाक दिसता," तो म्हणाला. "मासो खालसून बघता. तेका पोट दिसता. जरा खोटां वाटलां काय तोंड लावचो नाय."

"आणि एवढे मासे साहेब खाणार?" मी विचारलं.

"खावक नाय. फोटो काढता नि परत पाण्यात सोडता."

इथे माझी खात्री पटली की हा थापा मारतोय. आमच्या चाळीत बोंबलाच्या वाट्यावरून बायकांची तोंडं आठ-आठ दिवस बंद राहत. हजारो मैल जायचं, होडी घ्यायची, हातभर सुरमई धरायची आणि ती समुद्रात सोडून रिकाम्या हाताने घरी यायचं? असं करणारा माणूस जगात असेल हे मला पटेना. साहेब याला बंगल्यावर बोलावतो ते दुसऱ्याच कामासाठी, आणि पिसं ही नुसती धूळफेक, असा मी हिशेब मांडला.

पुढच्या रविवारी तो मला वरळी कोळीवाड्यात घेऊन गेला. मी लगेच तयार झालो, कारण मला त्याच्यावर पाळत ठेवायची होती. एका कोळणीच्या पाटीपुढे बसून त्याने बोईटं आणि कोळंब्या हातात घेतल्या, उलट्या केल्या, उन्हात धरून पोटं न्याहाळली. "घ्याचा नाय तं हात कशाला लावतंस?" कोळीण ओरडली. हा हसला आणि परतीच्या वाटेवर त्याने मला विचारलं, "तुकडी कधी जातली? तारीख पक्की सांग रे."

गेल्या पंधरवड्यात तिसऱ्यांदा हा प्रश्न. तुकडी म्हणजे सत्याग्रह करून तुरुंगात जाणारी आमच्या चाळीची मंडळी. तिच्यात त्याचं नाव होतं, त्यानेच हट्टाने घालायला लावलं होतं. पण नाव आहे त्याने नुसतं तयार राहावं. तारीख आदल्या दिवशी कळतेच. याला इतक्या आधी कशाला हवी? साहेबाला सांगायला, दुसरं काय!

मी त्याला तारीख सांगितली. पुढच्या महिन्याचा पहिला गुरुवार. ती साफ खोटी होती. तुकडी त्यानंतर साडेतीन आठवड्यांनी निघायची होती. ही तारीख मी त्याच्याशिवाय कोणालाही सांगितली नाही. त्या गुरुवारी चाळीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी दिसली की चोर सापडला. माझ्या हुशारीवर मी इतका खूश होतो की त्या रात्री मला छान झोप लागली.

गुरुवारी सकाळी सहापासून मी गॅलरीत उभा. पोलीस आले नाहीत. सात वाजता मागून हाक आली. वळून पाहतो तर तो. नवा लेंगा, डोक्यावर टोपी, कपाळावर कुंकवाचा टिळा, काखेत वळकटी. मागे त्याची बायको आरतीचं ताट घेऊन उभी.

"मंडळी खंय?" त्याने विचारलं.

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून मला दाखवला. साहेबाच्या सहीची रजा होती, तीन आठवड्यांची. बिनरजेचा गेला असता तर साचे बदलीवाल्याला मिळाले असते आणि सुटून आल्यावर घरी बसावं लागलं असतं. म्हणून दोन महिने तो साहेबाचे मासे बांधत होता. बहिणीचं लग्न आहे असं साहेबाला सांगितलं होतं, आणि गिरणीत बोभाटा होऊ नये म्हणून चाळीत कोणालाच काही बोलला नव्हता. साहेब डबा घेऊन आदल्याच दिवशी बोटीवर चढला होता.

"तुकडी आज नाही," मी कसाबसा म्हणालो.

त्याने हळूच विचारलं, "ही तारीख आणखी कोणाक सांगितलंस?"

"नाही."

त्याला सगळं समजलं. बायकोच्या हातातलं ताट त्याने आपल्या हातात घेतलं आणि तिला आत जायला सांगितलं.

आमची तुकडी निघाली ती त्याची रजा संपल्यावर चौथ्या दिवशी. तिच्यात मी होतो, तो नव्हता. मधल्या काळात दुसऱ्या चाळीच्या तुकडीत त्याचं नाव घालता आलं असतं. पण त्यासाठी समितीपुढे उभं राहून मी काय केलं ते सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्याने झालं नाही. ही लाज मी आजही बाळगून आहे. तीन आठवडे तो गॅलरीत बसून राहिला. रजा घेऊन घरी का, असं समितीने विचारलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. "माझीच घाई झाली," तो म्हणाला. "तारीख ठरूच्या आधीच रजा घेतलंय." सगळे हसले. मीही हसलो. पत्रकांची चुगली कोणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तुरुंगातून सुटून आलो तेव्हा चाळीच्या दारात ताशा वाजत होता. गर्दीतून तो पुढे आला, गिरणीतली पाळी संपवून सरळ आलेला, केसांत कापूस. पहिला हार माझ्या गळ्यात त्याने घातला. आणि खरं सांगतो, हारासाठी मान वाकवताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की याला आता माझ्याकडून काय हवंय?