बुधवारची येसर आमटी

"गुरुवार होता तो."

"बुधवार."

"मी सांगतोय ना सुमित्रा, गुरुवार होता."

"गुरुवारी तुम्ही रात्री जेवता का हो? लग्न झाल्यापासून बघतेय, दत्ताचा उपवास म्हणजे कपभर दूध नि एक केळं. आणि त्या दिवशी आमटी दोनदा मागून घेतलीत. वर म्हणालात, गट्टे जरा कडक झालेत."

"झालेच होते कडक."

"म्हणजे जेवलात!"

विश्वनाथ ढगे यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते ते, जणू आत जाण्यायेण्यावर पहारा ठेवलाय. सुमित्राबाई ओट्याशी पाठमोऱ्या. डाळीचं पीठ पाण्यात कालवता कालवता त्यांचा चमचा पातेल्याच्या काठावर ताडताड आपटत होता.

"हे बघ," विश्वनाथराव आवाज खाली आणत म्हणाले, "वरची मनजीत खाली आली की म्हणायचं, बेटा, आठवत नाही. आपल्या वयाच्या माणसांना नाही आठवत, त्यात काय?"

"मला जोरहाटला कुठल्या सणाला काय शिजवलं तेसुद्धा आठवतं. आणि मागच्या बुधवारी माझ्या पाटावर बसून कोण जेवलं ते आठवत नाही म्हणू?"

"हो. म्हण."

आठवण हीच तर बाईंची मिरासदारी होती. बार्शीच्या एका किराणा दुकानदाराची ही मुलगी विमानदलातल्या सार्जंटच्या गळ्यात माळ घालून घराबाहेर पडली, ती पुन्हा बार्शीला फक्त पाहुणी म्हणून गेली. नवऱ्याची बदली झाली की ट्रंकेत सगळ्यात खाली येसराचा डबा जायचा. धने, हरभऱ्याची डाळ, गहू आणि खडा मसाला भाजून दळलेलं हे पीठ. पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार. नवीन क्वार्टरमध्ये सामान लागायच्या आत बाई वाटीभर आमटी घेऊन शेजारच्या दारात उभ्या. हिंदी तोडकीमोडकी, इंग्रजी शून्य. "ये हमारा. आपका क्या?" एवढंच विचारायच्या. आणि शेजारीण, मग ती मद्रासजवळच्या तांबरमची असो की आसामातल्या जोरहाटची, हसून आत घ्यायची. तांबरमला त्या चिंचेच्या कोळात तासभर आटवलेलं कुळंबू शिकल्या. जोरहाटला सैकियाबाईंनी त्यांना टेंगा नावाचा आंबट रस्सा शिकवला आणि वर दम दिला, "यात तुझा तो काळा मसाला घालशील तर बघ!" बाईंनी घातला. सैकियाबाईंनी खाल्ला. नंतर तर मागून नेऊ लागल्या.

जोधपूरला राठोड सार्जंटच्या बायकोने बेसनाचे गट्टे वळायला शिकवलं. एकाहत्तरच्या लढाईत, ब्लॅकआउटच्या दिवसांत, घरात ना दही होतं ना भाजी. बाईंनी उकडलेले गट्टे सरळ येसराच्या आमटीत सोडले. खिडक्यांना काळे कागद, नवरा विमानतळावर, डोक्यावर घरघर, आणि चुलीवर ती आमटी. अख्ख्या लाइनीतल्या बायका पोरं घेऊन येऊन बसल्या होत्या. त्या दिवसापासून घरात कुणी घाबरलं, आजारी पडलं, परीक्षेला निघालं की तीच आमटी. चारूला, म्हणजे चारुदत्तला, त्यांच्या एकुलत्या एका लेकाला, ताप आला की तो औषधाआधी ती मागायचा.

चंदीगड ही शेवटची बदली. विश्वनाथराव इथूनच निवृत्त झाले, डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागले आणि सेक्टर चाळीसमध्ये हे दोन मजली छोटं घर झालं. वरच्या दोन खोल्यांत एक शीख जोडपं भाड्याने आलं, जस्पाल आणि मनजीत. जस्पालचं सेक्टर सतरामध्ये टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान, जिन्याखालच्या जागेएवढं. बोटांना कायम शाई. पहिल्याच दिवशी बाई वाटी घेऊन वर गेल्या. "ये हमारा. आपका क्या?"

जस्पालने एक घोट घेतला. "क्या नाम बताया आंटीजी?"

"येसर."

तो ताडकन उठून उभा राहिला आणि विश्वनाथरावांसारखा सॅल्यूट ठोकत म्हणाला, "यस सर!" मनजीत हसून हसून खाली बसली. तेव्हापासून संध्याकाळी स्कूटर लावता लावता त्याची हाक यायची, "आंटीजी, आज यस सर है क्या?"

विश्वनाथराव सुरुवातीला जरा अंतर ठेवून होते. पण जस्पालने त्यांचा जुना रेडिओ उघडून असा काही वाजता केला की तेही वितळले. चारू नोकरीच्या परीक्षांसाठी पुण्याला निघाला, तेव्हा त्याला ट्रंकेसकट स्टेशनवर स्कूटरने कोण सोडून आला? जस्पालच. मनजीतला दिवस गेले तेव्हा तिला फक्त एक गोष्ट पोटात ठरायची, बाईंचं पिठलं नि मऊ भात. "आंटीजी, मुझे तो आपने ही ज़िंदा रक्खा," ती सगळ्यांना सांगत फिरायची. तिची गुड्डी आता दोन वर्षांची होती आणि पिठल्याला 'पितं' म्हणायची.

आणि बाहेर पंजाबात काय चाललंय ते कुणाला ठाऊक नव्हतं? बसमधून उतरवून मारलेली माणसं, संध्याकाळी लवकर ओस पडणारे रस्ते, नाक्यानाक्यावर वाळूच्या गोण्या. विश्वनाथरावांना डेराबस्सीहून यायला उशीर झाला की बाई फाटकाशी उभ्या असायच्या, शेजारी मनजीत. दोघींना दोन वेगवेगळ्या भीती. बाईंना वाटायचं, नवऱ्याच्या बसला कुणी बंदूकवाल्याने हात दाखवू नये. मनजीतला वाटायचं, नवऱ्याच्या स्कूटरला नाक्यावर पोलिसांनी हात दाखवू नये. एकमेकींना ते सांगत नव्हत्या कधी. वाटाणे सोलत उभ्या राहायच्या.

मागच्या आठवड्यात मनजीत गुड्डीला घेऊन माहेरी गेली होती, म्हणून जस्पाल खालीच जेवत होता. बुधवारी तो दिवेलागणीला आला. वीज गेलेली. बाईंनी कंदील लावला, गट्टे घातलेली आमटी वाढली. गप्पा रंगल्या. वीज आली तेव्हा साडेनऊच्या बातम्याही होऊन गेल्या होत्या.

सोमवारी सकाळी नंबर नसलेल्या जीपमधून साध्या कपड्यातली माणसं आली. बाई जस्पालसाठी डबा भरत होत्या. झारा हातात तसाच राहिला. तो जिन्यातून उतरत होता, एका पायात बूट, दुसरा हातात. "आंटीजी, मनजीत को—" एवढंच म्हणाला.

आता वकील सांगत होता की तो शेजारच्या जिल्ह्यात एका ठाण्यात आहे. पोलिसांचं म्हणणं, बुधवारी संध्याकाळी आठ वाजता तिकडच्या एका नाक्यावर गोळ्या झाडणाऱ्यांत हा होता. अजून कागदावर काही नाही. नाही तेच वाईट, वकील म्हणाला. कागदावर नसलेला माणूस कालव्यातसुद्धा सापडतो. कुणी भला माणूस, हिंदू, त्यात फौजी घरातला, आज मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहून म्हणाला, की हा बुधवारी माझ्या घरी जेवत होता, तर त्याला कोर्टापुढे आणावंच लागेल.

"म्हणजे मी," सुमित्राबाई आता नवऱ्याकडे वळून म्हणाल्या. "मी नि तुम्ही. तिसरं कोण होतं घरात?"

"आणि चारू?"

बाई पुन्हा ओट्याकडे वळल्या.

"बोल ना. आता पाठ का फिरवलीस? पोरगा विमानदलात ऑफिसर म्हणून निवडला गेलाय. ऑफिसर! मी आयुष्यभर ज्यांना सलाम ठोकले, त्यांच्यात बसणार तो. त्याची चौकशी व्हायचीय अजून. माणूस कुठून येणार चौकशीला? ठाण्यातूनच ना? तो विचारेल, आईबाप कोण? अतिरेक्याचे साक्षीदार."

"जस्पाल अतिरेकी आहे?"

"मी कुठं म्हणतोय? मला माहितेय तो कुठं होता ते!" विश्वनाथरावांचा आवाज फुटला. एवढ्या वेळात पहिल्यांदा. त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला. "मला माहितेय गं. मी काय जनावर आहे? माझ्या समोर बसून जेवला तो. पण मी एकच गोष्ट मागितली होती देवाकडे."

पिठलं खदखदायला लागलं होतं. बाईंनी गॅस बारीक केला.

"बरं," ते उठले. खुर्ची बाजूला सरकवली. "मी अडवत नाही. बुधवार तर बुधवार. तुला जायचं तर जा, मीसुद्धा नाही म्हणणार नाही मागाहून. चारूला काय सांगायचं तेही तूच ठरव." आणि ते मागच्या अंगणात जाऊन उन्हात उभे राहिले, दाराकडे पाठ करून.

भांडण जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण आता दारात कुणीच नव्हतं, ज्याच्या डोक्यावर खापर फोडावं. बाईंनी मिरच्यांची फोडणी केली. ताटं काढली. पुसलेली ताटं पुन्हा पुसली. मी जाणार, त्यांनी स्वतःला सांगितलं. पदर खोचला, चपला कुठे आहेत तेही पाहून ठेवलं. भाताची शितं बोटाने दाबून पाहिली. मग लोणचं काढलं. मग पापड भाजला. मग, उगीचच, आणखी एक.

मनजीत आली ती दार न वाजवता. केस बांधलेले, पण कसेबसे. कडेवर गुड्डी. बाहेर फाटकाशी एक जुनी गाडी उभी होती, आत तिचे मामा.

"आंटीजी, चप्पल डालो. मामाजी बैठे हैं. वकील साहब वहीं मिलेंगे."

"बस तू आधी."

"बैठने का टाइम नहीं है जी."

"दोन घास खाऊन घे. चेहरा बघ कसा झालाय. मी पिठलं केलंय."

मनजीतने पाटाकडे पाहिलं, वाढलेल्या ताटाकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिला मराठी कळायला लागलं होतं. गुड्डी मात्र कडेवरून घसरत खाली उतरली आणि "पितं" म्हणत ताटापुढे बसली.

"खाना आके खाऊंगी आंटीजी. पक्का. पहले चलो."

"गार होतं गं ते. गार झालं की दगड."

"आंटीजी." मनजीत जवळ आली. बाईंचं मनगट धरलं. "सिर्फ़ इतना बोलना है. बुधवार को यहाँ था. यहाँ, इस पाट पे. आपने परोसा, उसने खाया. और कुछ नहीं बोलना. बोलोगे ना?"

बाईंनी तोंड उघडलं. हो म्हणायलाच उघडलं होतं. समोर मनजीत होती आणि मनजीतच्या मागे, भिंतीवर, चारूचा फोटो, पहिल्यांदा टाय बांधलेला. टायची गाठ वाकडी. ती गाठ विश्वनाथरावांनी बांधली होती.

"बेटा, मेरा चारू…"

"क्या चारू भैया?"

"उसका वो… चौकशी आनेवाली है."

मनजीत बघत राहिली. हळूहळू तिने बाईंचं मनगट सोडलं.

"चारू भैया को स्टेशन कौन छोड़ के आया था, आंटीजी?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. अंगणात विश्वनाथराव हलले नाहीत. सुमित्राबाई खाली बसल्या, गुड्डीच्या ताटात पिठलं हातानेच भातात कालवायला लागल्या, फुंकर घालून, लहान लहान घास करून. कितीतरी घास. पोरीच्या तोंडात मावणार नाहीत एवढे.

"हिला तरी ठेव माझ्याजवळ," त्या वर न बघता म्हणाल्या. "सकाळपासून उपाशी असेल. मी भरवते, निजवते. तू ये सावकाश. मनजीत? ऐकतेस ना? आणि त्याला… तिथं जेवायला देतात का गं? डबा बांधून देऊ? गरम आहे अजून. मी आमटीसुद्धा करते, लगेच होते, येसर आहे घरात. नेशील ना? अगं, नेशील ना?"

मनजीतने वाकून गुड्डीला उचललं. पोरीच्या मुठीतला घास तिने बोटं उकलून काढला, ताटाच्या कडेला ठेवला, ओढणीने तिचा हात पुसला, आणि तिला घेऊन दाराबाहेर निघून गेली.