आईची भाडेकरू

माझ्या नवऱ्याला वर्षातला एकच सण मनापासून आवडायचा, तो म्हणजे मार्च महिना. दिवाळीत आकाशकंदील लावायला त्याच्या मागे लागावं लागे, पण कर वाचवायचा म्हटलं की अंगात बारा हत्तींचं बळ. धायरीच्या घरी जेवणं झाली की टेबल पुसून तो विम्याच्या पावत्या आणि कॅल्क्युलेटर मांडून बसायचा. माझा पगारही त्याच मांडामांडीत असायचा. कमवायचं मी, वाचवायचं त्याने, आणि घरात शहाणा कोण, तर तोच.

माझी नोकरी निमसरकारी. तिथे आजारपणाच्या खर्चाची भरपाई मिळायची, पण लग्न झालेल्या बाईला त्यात एक पर्याय द्यावा लागे: स्वतःचे आईवडील किंवा सासू-सासरे. तोही एकदाच. लग्नानंतर नवऱ्याने तो कागद सासू-सासऱ्यांची नावं भरून आणला. सासूबाईंनी देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू लावलं होतं. माझ्या हातावरची मेंदीही अजून उतरली नव्हती. कागद शुभ आहे असं मला सांगण्यात आलं आणि सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवण्यात आलं.

तेव्हापासून सासूबाईंना साधा खोकला झाला तरी दवाखान्यात स्वतंत्र खोली लागू लागली. बिलं मी निमूटपणे ऑफिसात नेत होते.

आई कसबा पेठेत, वडिलांनी मागे ठेवलेल्या दोन खोल्यांत एकटी राहायची. तिला काचबिंदू निघाला. गेलेली दृष्टी त्यात परत येत नाही. उरलेली टिकवायची तर रोज थेंब घालावे लागतात, तेही जन्मभर. थेंब महाग होते. मी पैसे पुढे केले तेव्हा तिने हात मागे घेतला. लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये, या मताची ती.

"तुझं ऑफिस देत असेल तर घेईन," ती म्हणाली. "जावयाच्या घरातलं नको."

पगारही माझ्याच कष्टाचा आहे, हे तिला पटवता पटवता मी थकले. ऑफिसात विचारलं, तर दिलेला पर्याय बदलता येत नाही म्हणाले. शेवटी नवऱ्याला म्हटलं, निदान तुम्ही तरी एकदा कसब्यात येऊन तिची समजूत घाला, तुम्ही आग्रह केलात तर ती घेईल. कॅल्क्युलेटरवरून मान न उचलता तो म्हणाला, "तुझ्या आईला या वयात बघायचं तरी काय राहिलंय?"

ते वाक्य मी सोन्यासारखं जपलं.

आई पैसे वाचवायला थेंब दिवसाआड घालत होती, हे मला फार उशिरा कळलं. तोवर तिचा डावा डोळा गेला होता. दार उघडल्यावर ती मान तिरकी करून माझ्याकडे बघू लागली, आणि त्या दिवशी मी ठरवलं की याचं उट्टं काढायचं. रडायचं नाही, भांडायचं नाही. जे काही करायचं ते त्याच्याच टेबलावर.

पगारात मला घरभाडे भत्ता मिळायचा. सासऱ्यांच्या घरात राहत असल्यामुळे भाड्याची पावती नव्हती, म्हणून त्या सगळ्या भत्त्यावर कर कापला जायचा. दर मार्चला नवरा त्यावर हळहळायचा. पुढच्या मार्चात त्याने टेबल मांडल्यावर मी म्हटलं की यावर सोपा उपाय आहे. मी कसब्यात आईकडे राहते, तिला रीतसर भाडं देते आणि पावती घेते. माझा कर वाचेल, आणि आईचं उत्पन्न इतकं तुटपुंजं की तिला तो लागायचाच नाही.

त्याने आकडेमोड करून पाहिली. पुन्हा पाहिली. चूक सापडत नव्हती आणि त्याचा त्याला होणारा त्रास मी मजेत बघत होते.

"म्हणजे कागदोपत्री ना?" त्याने विचारलं.

"कागदोपत्री खोटं मला जमत नाही. बॅग भरलीय."

अडवायला पदरी मूल नव्हतं. सासूबाईंनी लोक काय म्हणतील ते काढलं. कर वाचवतेय म्हणून सांगा, असं मी त्यांना नम्रपणे सुचवलं. धायरीचं घर निम्मं माझ्या पगारावर चालायचं, ते बंद झालं. नवऱ्याने ठरवलेली मोटार रद्द झाली, स्वयंपाकाच्या बाई सुटल्या. या बातम्या कानावर आल्या की मला दोन घास जास्त जायचे.

आईला वाटलं होतं त्यापेक्षा सहज पटलं. भाडं म्हणजे काही लेकीचं दान नव्हे, असं तीच मला समजावू लागली. घरमालकीण म्हणून ती भलतीच चोख निघाली. पहिल्याच महिन्यात पाण्याचे वेगळे पडतील म्हणाली. भाड्याच्या पैशातून ती स्वतः जाऊन थेंब आणायची आणि न चुकता घालायची. उजवा डोळा टिकला.

वर्षभराने नवरा दारात उभा राहिला. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं आणि माझ्या सहीशिवाय ऑफिस खर्च देणार नव्हतं. त्याने कागद पुढे केला. मी त्याला बसा म्हटलं नाही. जपलेलं वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं, आणि तो ते ओळखून होता. त्याची नजर खाली गेलेली पाहून मला किती बरं वाटलं, काय सांगू.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आई आली. चांगला डोळा जावयावर येईल अशी मान वळवून तिने त्याला नीट पाहून घेतलं.

"कर गं सही," ती मला म्हणाली. "विहीणबाईंना स्वच्छ दिसू दे. घरात कोण नाही ते त्यांनाही दिसेल."

मी सही केली. तो कागद घेऊन जिना उतरला, आणि आईने माझ्याकडे त्या महिन्याचं भाडं मागितलं.