लाल रेक्झिनमधली पहिली आवृत्ती

तपासणी समिती येणार म्हटलं की आमच्या कॉलेजात आधी भिंतींना रंग लागतो, मग भाड्याच्या कुंड्या येतात, आणि मग पुस्तकांची पाळी. जुनं दिसलं की द्या बायंडिंगला. मी तिथली ग्रंथपाल, आणि या पद्धतीची मला आजही किळस येते.

बंद पडलेल्या एका जिनिंग कारखान्याच्या मालकाच्या बंगल्यातून ग्रंथालयाला लोखंडी पेटी दान मिळाली होती. त्याच जिनिंगमध्ये माझ्या बापानं कापसाच्या गाठी वाहिल्या. बंगल्याच्या पायरीवर कधी पाय ठेवला नाही. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, आणि ती पेटी उघडणारीही मीच. हे मी मिरवूनच सांगते.

आत एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या स्वस्त कादंबऱ्या निघाल्या. भुसभुशीत कागद, पिवळी कव्हरं, त्यावर घोडे नि बंदुका. यांची आवृत्ती ओळखणं सोपं नाही. प्रकाशक तीच कादंबरी वर्षानुवर्षं छापत आणि आत साल पहिलंच ठेवत. सालावर भरवसा ठेवला की फसलात. म्हणून कव्हरवरचा दुकानाचा पत्ता पाहायचा, कारण प्रकाशक जागा बदलत. आणि मुख्य म्हणजे मागची जाहिरातींची पानं. नंतर निघालेल्या पुस्तकांची नावं तिथं असली, तर छपाईही नंतरचीच.

परदेशी ग्रंथालयांच्या याद्या मोबाइलवर उघडून मी एकेक ताडून पाहत होते. एका कादंबरीच्या मागच्या यादीत शेवटचं नाव तिचंच होतं, आणि त्याखाली पुढची 'लवकरच येत आहे'. पत्ताही जुळला, म्हणजे ही पहिलीच आवृत्ती. मी धावतच प्राचार्यांकडे गेले.

"वा मॅडम! समितीले दाखवू," सर म्हणाले.

मधे मी रजेवर होते. परत आले तर पुस्तक शोकेसमध्ये, लाल रेक्झिनात, पाठीवर सोनेरी अक्षरं. उघडलं. पिवळं कव्हर नाही. मागची पानं नाहीत. तिन्ही कडा कापलेल्या, आणि खळीचा आंबूस वास.

तशीच जीप धरून दारव्ह्याला बायंडरकडे गेले.

"जाहिरातीचे पानं कायले ठेवाचे, ताई?" तो हसत म्हणाला. "सरच म्हणले, फालतू काढून टाक, साफसुथरं दिसलं पाह्यजे."

"कुठं आहेत ती?"

"खळीचा ब्रश पुसाले घेतले ना."

कोपऱ्यातल्या कचऱ्यात ती पानं एकमेकांना चिकटून पापडासारखी वाळली होती. सोडवायला गेले तर हातात चुरा आला.

"सर, पुराव्यालाच तुम्ही कात्री लावली," मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं.

"पहिली आवृत्ती हाय, असं तुमीच त म्हणल्या होत्या. आता कार्ड लिहा."

"आता दाखवायला काही उरलं नाही."

"कोण दाखवाले लावून राह्यलं? समिती का कोर्ट हाय?"

मी कार्ड लिहिलं: 'आवृत्ती ठरवता येत नाही.' सरांनी ते फाडलं आणि क्लार्ककडून दुसरं छापून घेतलं. 'पहिली आवृत्ती', जाड अक्षरात. मला खात्री होती ते खरंच आहे, आणि तरी त्या कार्डाकडे बघवत नव्हतं.

समिती आली. एक साहेब शोकेसपाशी थांबले. "पहिली आवृत्ती कशावरून?"

"आमच्या मॅडम सांगतील," सर म्हणाले.

"मागची पानं होती, त्यावरून," मी म्हटलं. "ती आम्ही काढून टाकली."

सरांचा चेहरा उतरला. साहेबांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, सोनेरी अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"बायंडिंग छान आहे," ते म्हणाले आणि जेवायला गेले.

संध्याकाळी सर एकदम खुशीत. "मॅडम, पेटीतले बाकीचे पुस्तकंही देऊन टाका बायंडिंगले. सगळे लालच करू."

पेटीला मी दुपारीच कुलूप लावलं होतं.

"चावी सापडत नाही सर," मी म्हटलं.

ते अधूनमधून विचारतात. अजून सापडलेली नाही.