मुलजिमाचं पूर्ण नाव

माझ्या बापाचं बालपण एका शिवीत गेलं: ‘पळपुट्याचा पोरगा’. मराठवाड्यातल्या आमच्या गावाचं म्हणणं असं, की माझे आजोबा पाटलानं घातलेल्या चोरीच्या खटल्यात तुरुंगात गेले, तिथून पळाले आणि बायकोपोराला टाकून कुठंतरी दुसरा संसार थाटला. बाबा मिसरूड फुटताच हैदराबादेला आले आणि गौलीगुड्यातल्या एका छापखान्यात मशीन चालवू लागले. संध्याकाळी ते बिघडलेली पत्रकं घरी आणत. मी त्यांवरच वाचायला शिकले. ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी मला ‘निषेध’ वाचता यायला लागला. त्याची मला खंत नाही.

मग हैदराबाद राज्याची वाटणी झाली. तेलुगू मुलूख एकीकडे, कन्नड दुसरीकडे, आमचा मराठवाडा मुंबई राज्यात. माणसांच्या मागून कागदांचीही वाटणी निघाली. जुन्या फौजदारी खटल्यांची दफ्तरं गाठोड्यांत बांधून ज्या त्या जिल्ह्याला रवाना होऊ लागली. छापखान्यात हे कळताच बाबा घरी येऊन मला म्हणाले, “माय, त्या गाठोड्यात माझा बाप असंल. एकदा तिकडं गेला की पाटलाच्याच माणसांच्या हाती लागंल. मग कोण दावतंय आपल्याला!”

जुनी दफ्तरं उर्दूत, आणि मी उर्दू शाळेत शिकलेली, म्हणून मला सोबत घेतलं.

दफ्तरखान्यात एक कारकून होते, शहरातल्या जुन्या मराठी घराण्यातले, पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीतले. तोंडात पान आणि बोलणं निम्मं दखनी उर्दू. बाबांनी आजोबांचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. कारकुनांनी मुलजिमांच्या, म्हणजे आरोपींच्या, यादीवरून बोट फिरवलं.

“नै रे. या नावाचा मुलजिमच नाही.”

“असंल. नीट बघा.”

“अरे बघितलं की! गावात काय हाक मारायचे त्याला, ते सांग तू.”

बाबांनी पूर्ण नावच पुन्हा सांगितलं.

“तुमच्या लोकांची पूर्ण नावं कोण लिहीत होतं? शेवटी ‘या’ लावलेली, मोडलेली नावं असतात. ते मोडकं नाव सांग, आत्ता काढून देतो.”

“आधी ‘तुम्ही’ म्हणा,” मी म्हणाले. “त्यांचे केस पांढरे झालेत.”

“हौ, पोरगी तिखट आहे की!” ते हसले. “बरं, तुम्ही सांगा.”

ते मोडकं नाव मलाही ठाऊक नव्हतं. घरात ते कधी कुणी उच्चारलंच नव्हतं. मी बाबांना हळूच म्हटलं, “एकदाच सांगा. हवं तर माझ्या कानात सांगा. काम होऊन जाईल.”

“न्हाई. ज्या नावानं त्याला मेलेली ढोरं वढायला बोलवायचे, त्या नावानं मी माझ्या बापाला हुडकणार न्हाई.”

“मग बसा,” कारकून म्हणाले. “तुमच्या जिल्ह्याची गाठोडी उद्या चालली.”

मला बाबांचा राग आला. ताठ मानेची शिकवण मला त्यांच्याकडूनच मिळालेली, पण त्या क्षणी ती आमच्याच मुळावर उठली होती. बाबा त्या यादीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “साहेब, फिर्यादींची यादी निराळी असती का?”

“असते.”

“मग आमच्या पाटलाचं नाव हुडका. त्याचं तर कुणी मोडलं नसंल.”

कारकुनांचं पान चघळणं थांबलं.

पाटील लगेच सापडले. नाव, बापाचं नाव, आडनाव, वतन, मागेपुढे बिरुदं; एका ओळीत मावले नव्हते. शेजारच्या रकान्यात माझे आजोबा होते. इवलंसं नाव, आणि तेही मोडलेलं. मी ते मनात वाचलं. मोठ्यानं वाचलं नाही.

मिसल, म्हणजे खटल्याची फाईल, पातळ होती. मी वाचत गेले आणि बाबांना मराठीत सांगत गेले. पाटलांचा बैल मेला. आजोबांनी तो ओढून न्यायला नकार दिला. फिर्याद मात्र अशी, की त्यांनी त्या बैलाचं कातडं चोरलं. ज्या बैलाला हात लावत नाही म्हणून भांडण, त्याचंच कातडं! शेवटच्या पानावर लिहिलं होतं: मुलजिम तुरुंगात तापानं फौत. म्हणजे मेले. पुढचा शब्द होता ‘लावारिस’. मिसल बंद.

“पळाला नव्हता,” बाबा म्हणाले. “माझी माय मरंपर्यंत कुंकू लावत होती. लोक हसायचे तिला. आन् लावारिस कसा? मी होतो की! चांगला गुरं वळत होतो.”

मी नक्कल मागितली आणि तीत आजोबांचं नाव पूर्ण लिहा म्हणाले.

“ते जमायचं नाही, बाई. नक्कल मुळाबरहुकूम द्यावी लागते. एक अक्षर बदललं तर नोकरी जाईल माझी.”

त्यांचं खरं होतं. आणि विचार केल्यावर मलाही ते नाव पुसायला नको वाटलं. मूळ लिहिणाऱ्यांनी काय लिहिलं ते राहू दे. पुढच्यांना दिसू दे.

“नकलेचा अर्ज कुठं जातो?” मी विचारलं.

“मिसलीत. तिलाच शिवतात. मिसल जाईल तिथं तो जातो.”

“मग कागद द्या.”

अर्ज मी मराठीत लिहिला, कारण मिसल मराठी मुलखात चालली होती. सुरुवातच केली, ‘मी, खालील मयताचा मुलगा व वारस’. मग ‘श्री’ लावून आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, गाव. त्याच हिवाळ्यात आम्ही बौद्ध झालो होतो. अर्जदाराच्या नावापुढे तेही लिहिलं. बाबांनी सही केली.

कारकुनांनी अर्ज वाचला. “एवढं लांब नाव? ओळ पुरली नाही की!”

“पाटलाचं मोजून बघा,” बाबा म्हणाले. “आमचं अजून लहानच हाय.”

कारकुनांनी दाभण-दोरा घेतला आणि अर्ज मिसलीला शिवला. ते ‘नक्को, हात नक्को’ म्हणत असतानाच बाबांनी हात पुढे केला, आणि टाका पक्का बसलाय का ते बोटानं ओढून बघितलं.