शिवणीत दुमडलेलं कापड

आमच्या वसुधाचं न्युरेम्बर्गमध्ये आल्टरेशनचं दुकान आहे. मी, सुधीर, तिचा रिटायर्ड इंजिनिअर नवरा, तिथे गल्ल्यावर बसून नको तिथे नाक खुपसतो.

परवा मंगळवारी फ्राऊ सातो मुलीला, हानाला, घेऊन आल्या. शनिवारी हानाचं लग्न, आणि तिला घालायचा होता आजीने जपानमध्ये हाताने शिवलेला रेशमी किमोनो. बाह्या चार सेंटिमीटर आखूड होत्या, पण फ्राऊ सातो निर्धास्त. किमोनोत जास्तीचं कापड कापत नाहीत म्हणे, सरळ पट्टे जोडतात आणि उरलेलं शिवणीत दुमडून ठेवतात. लागेल तेव्हा उसवायचं, वाढवायचं. मागे तुम्हीच दुरुस्त करून दिला होता, म्हणून इथेच आले, असंही म्हणाल्या. वसुधाला काही ते आठवेना.

ती जपून एकेक टाका काढत होती. खांद्यापाशी हात थांबला. आत दुमड नव्हतीच. छाटलेली कड होती आणि तिच्यावर मशीनचा ओव्हरलॉक.

"अहो, हे माझंच काम आहे," ती मराठीत म्हणाली.

मग मलाही आठवलं. चौदा वर्षांपूर्वी फक्त उसवलेली शिवण घालायची होती. पुण्यात ब्लाउज शिवताना ही आत दोन बोटं कापड सोडायचीच. इथे ज्या मायस्टेरिनच्या, म्हणजे शिवणकामातल्या उस्ताद बाईच्या, हाताखाली शिकली, तिने जाड शिवणीवरून बोलून बोलून ती सवय मोडली. म्हणून हिने किमोनो आतूनही सुबक करून दिला. मीच तेव्हा कौतुक केलं होतं.

हाना माप द्यायला हात पुढे करून उभी होती.

"रेशीम विरलंय म्हणून सांग," मी पुटपुटलो. "त्यांना काय कळतंय?" हे मी बोललो, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

वसुधाने माझ्याकडे बघितलंही नाही. तिने जर्मनमध्ये सांगितलं, "वाढवायला कापड नाही. मीच कापून टाकलं. नीटनेटकं दिसावं म्हणून."

फ्राऊ सातोंनी ती कड बोटाने चाचपली. "आल्झो," म्हणजे असं तर, एवढंच म्हणाल्या. हानाने आईच्या पाठीवर हात ठेवला.

"माझी आई जेमतेम माझ्या खांद्याएवढी होती," त्या शेवटी म्हणाल्या. "तिला स्वतःला ते कापड कधीच लागणार नव्हतं."

मग सुटलेल्या बाहीसकट त्यांनी किमोनोची घडी घातली. वसुधाने माफी मागितली, पण त्यांना थांबवलं नाही.