एकटी हळद

पाच आठवडे झाले. शेंद्र्याच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि सासरच्या गावाहून, पिशोरहून फोन आला, काका गेले... घास हातातच राहिला. ते माझे चुलत सासरे. शेतकीचे मास्तर. कुणाच्याही ताटात डोकावून, त्यातलं काय कुठल्या देशातून आलं, हे विचारत बसायची त्यांना भारी खोड. लोक कंटाळत. सुरुवातीला मीही कंटाळायचे, कबूल करते.

माझं माहेर बौद्ध. प्रेमविवाह करून या शेतकरी घरात आले, तेव्हा सासूबाईंनी उंबरठा ओलांडू दिला, चुलीपाशी मात्र येऊ दिलं नाही. दोन वर्षं त्यांनी माझ्या हातचा घास खाल्ला नाही. ते फार लागायचं. एका एकादशीला त्या तापानं पडल्या आणि फराळाचं माझ्यावर आलं. माझ्या माहेरी एकादशी कधी कुणी धरलेली नव्हती. मी हौसेनं साबुदाण्याची खिचडी केली, बटाट्याच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट घातलं आणि सवयीनं हळदही. उपवासाला हळद चालत नाही, हे मला काय ठाऊक? पिवळी भाजी बघून सासूबाईंनी ताट सरकवलं. "म्हणूनच म्हणत होते, हिला आपलं काय कळतंय?"

काका शेजारीच फराळाला बसले होते. "वहिनी, बटाटा साता समुद्रापलीकडचा. शेंगदाणा त्याचाच गाववाला. साबुदाणा ज्या कंदाचा करतेत, तो बी तिकडचाच. हे सगळे उपासाला चालतेत. ह्या ताटात आपल्या मातीतली एकटी हळद हाय, अन् तीच तुम्हाला चालंना."

सासूबाई भिंतीकडं तोंड करून झोपल्या. मी मोरीत जाऊन रडले. त्या घरात माझ्या बाजूनं पहिल्यांदाच कुणीतरी बोललं होतं. सिनेमातल्यासारखं लगेच काही बदललं नाही. पण पुढच्या एकादशीला, अंगात ताप नसताना, सासूबाईंनी हाक मारली, "हळद टाकू नको. बाकी तुझ्या हातानं कर."

काकांच्या तेराव्याला सगळी भावकी जमली. आम्ही संभाजीनगरहून आदल्या दिवशीच गेलो होतो, भाजी मीच केली होती. वाढायला गेले, तशी नात्यातली एक आक्का हात आडवा धरून म्हणाली, "हिच्या हातचं?"

सासूबाई पंगतीतूनच बोलल्या, "आक्का, ह्या भाजीतलं टमाटं कुठलं, सांग बरं?"

आक्कानं विचारलं, "कुठलं?"

"लई लांबचं. आता आपलंच हाय. घे, जेव."

आक्कानं हात बाजूला घेतला. मी वाढलं.